हितेंद्र सरांच्या दारावर रडायला मनाई

हितेंद्र सरांना मी अजून सर म्हणतो ते तोंडाला सवय आहे म्हणून. मनात काय म्हणतो ते चार लोकांत सांगण्यासारखं नाही.

माझा धंदा मंडप-बिछायतीचा. नशिराबादला हायवेवरून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर माझं गोडाऊन आहे, आणि रस्ता ओलांडला की बरोबर समोर सरांचं घर. लग्न असो की मयत, माझी ताडपत्री तीच जाते. लग्नाला तिला झालर लावतो, मयताला झालर सोडून ठेवतो, एवढाच फरक. ज्या सतरंजीवर नवरदेवाच्या मित्रांनी धिंगाणा घातला, तिच्यावरच चौथ्या दिवशी बाया कुणासाठी तरी रडत असतात. पंचवीस वर्षं हेच बघतोय. तेव्हा सुख आणि दुःख यांचं आपसात काय नातं आहे, हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी शिकवलं गेलं, आणि शिकवणारे होते हितेंद्र सर.

बारावी कशीबशी पास झालो तेव्हा अब्बांनी जळगावच्या एका कॉलेजात घातलं. सर तिथे नवीनच लागले होते. मी तत्त्वज्ञान घेतलं, कारण त्या वर्गात आम्ही तिघेच होतो आणि सर कुणालाही गैरहजर लावत नसत. गैरहजर लावलं की पोरगं येऊन भांडतं, भांडलं की मनाला त्रास होतो, आणि त्रास सरांना चालत नाही. मला तेव्हा वाटायचं, काय दिलदार माणूस आहे.

वर्षभर त्यांनी आम्हाला जुने ग्रीक लोक शिकवले. खोटं कशाला बोलू, मला आवडायचे ते लोक. सॉक्रेटिसची गोष्ट तर अजून डोळ्यासमोर आहे. विष प्यायचा दिवस. सकाळी त्याच्या पायातली बेडी काढली. तो खाटेवर उठून बसला, पाय चोळायला लागला आणि म्हणाला, काय गंमत आहे बघा, आत्तापर्यंत बेडीने पाय दुखत होता, आता त्याच पायाला बरं वाटतंय. सुख आणि दुःख एका वेळी येत नाहीत म्हणे, पण एकाच्या मागे धावून त्याला धरलं की दुसरं मागोमाग आलंच. दोघांची धडं वेगळी आणि डोकं एकच असावं तसं. सिकंदराला ज्याने शिकवलं तो गुरू तर आणखी पुढचं सांगतो. म्हणतो, मेलेल्या माणसासाठी रडण्यातसुद्धा एक गोडी असते. तो आता नाही याचं दुःख, आणि तो काय बोलायचा, कसा वागायचा हे आठवतं याचं सुख. परीक्षेत मी हे उत्तर आमच्या गावातल्या बायांचं रडणं डोळ्यासमोर ठेवून लिहिलं. सरांनी दहापैकी चार मार्क दिले आणि शेरा मारला, "उदाहरणे गावठी."

सरांचा स्वतःचा आवडता ग्रीक वेगळा होता. एपिक्युरस. त्याने अथेन्सला एक बाग घेतली, मित्रांना जमवून तिथे राहिला, आणि सांगितलं की दुखणं नसणं यापेक्षा मोठं सुख नाही. यातलं सरांनी फक्त 'दुखणं नसणं' तेवढं उचललं. मित्र उचलले नाहीत, बाग तर नाहीच नाही. तो बिचारा मरायच्या दिवशी मुतखड्याने तळमळत होता आणि तरी मित्राला चिठ्ठी लिहीत होता, की आपल्या जुन्या गप्पा आठवतोय आणि त्या जोरावर हे दुखणं सोसतोय. सरांनी हे आम्हाला वाचून दाखवलं आणि लगेच पंखा वाढवायला सांगितला. त्यांना त्यातलं काय कळलं ते अल्ला जाणे.

पुढे मी कॉलेज सोडून अब्बांच्या धंद्यात आलो आणि सर मात्र समोरच राहिले, त्यामुळे सगळा माणूस मला दिसत गेला. त्यांनी लग्न केलं नाही. बायको आली की रुसणार, पोरं झाली की आजारी पडणार. कुत्रं पाळलं नाही, कारण कुत्रं मरतं. गल्लीत कुणी गेलं की नेमकं त्याच दिवशी सरांना जळगावला काम निघायचं. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरिताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि मूठभर हिरव्या मिरच्या घालून ठेचायची. सर स्वतःसाठी बिनमिरचीचं आधीच वेगळं काढायला लावायचे. आम्ही बठ्ठे जण नाक-डोळे पुसत, सूसू करत परत परत वाढून घ्यायचो, आणि हा माणूस बाजूला बसून तो लगदा चमच्याने खात म्हणायचा, "तुम्ही जिभेला छळताय आणि त्यालाच मजा म्हणताय." अहो, मग आम्ही तरी दुसरं काय म्हणत होतो?

आणि हे बिनत्रासाचं आयुष्य चालावं म्हणून एक बाई दिवसभर राबत होती. त्यांची आई, धुरपदा अक्का. पन्नाशी उलटलेल्या मुलाला चटका बसू नये म्हणून चहा बशीत ओतून, निववून त्याच्या हातात देणारी बाई. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. साठ वर्षं नशिराबादला काढून बोलायच्या मात्र माहेरची अहिराणीच. आमच्या घरून ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा जायचा आणि आखाजीला त्यांच्याकडून आमच्याकडे सांजोऱ्या यायच्या. माझी बायको ताजबी लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. अक्कांनी तिला शिकवली, म्हणून ताजबी अजून बाजारात गेली की अहिराणीत भाव करते आणि भाजीवाले हसतात.

अक्कांना मुलगी एक, रूपाली, सरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, सासर धुळ्याला. गेल्या वर्षी रूपालीच्या पोरीच्या साखरपुड्याला मी इथून मंडप घेऊन धुळ्यापर्यंत गेलो होतो. तिथे काय मंडपवाले नव्हते? पण अक्कांचा हट्ट, नईमचाच मंडप पाहिजे.

यंदा होळीनंतर अक्कांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात वर केले. सर घरी आले, वरच्या खोलीत गेले आणि जवळजवळ तिथेच राहिले. आईला कळा यायला लागल्या की कानात इअरफोनची ती बोंडुकं घालून काहीतरी ऐकत बसायचे. खाली ताजबी. सकाळी जायची, अंग पुसायची, पेज भरवायची, संध्याकाळी परत. सर जिन्यावरून विचारायचे, "झोपली का आई?" ती झोपली असेल तरच खाली यायचे, दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "छान. शांत आहे." जागी असेल तर त्यांना वर काम असायचं.

रूपालीला त्यांनी कळवलंच नाही. अक्कांना स्वतःला फोन लावता येत नव्हता. बोलणं व्हायचं ते सरांच्या फोनवरून, आणि सर सांगायचे, आई झोपलीये, जरा पित्त झालंय. मला एकदा त्यांनी हे समजावूनही सांगितलं. "आजार तर जाणार नाही, नईम. मग एका दुःखाची दोन दुःखं कशाला करायची?" असं बोलायचे जसं काही बहिणीवर उपकार चाललेत.

तेवढ्यात आखाजी आली. खान्देशातल्या बाईला आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अक्षय्य तृतीया सगळीकडे असते, पण आमच्याकडे त्या सणाला सासरी गेलेली मुलगी माहेरी येते म्हणजे येतेच. झाडाला झोका बांधतात, चाळिशीच्या बायासुद्धा त्याच्यावर बसून गाणी म्हणतात. रूपालीने लग्नापासून एक आखाजी चुकवली नव्हती. यंदा सरांनी तिला फोन करून सांगितलं, घरात रंगकाम काढलंय, सामान सगळं उलटंपालटं आहे, यंदा नको येऊ, पावसाळ्यात ये.

रंगकाम कुठलं आणि काय. खाली खाटेवर आई मरत होती आणि ताजबीला रोज विचारत होती, "रूपाली आखाजीले येई ना वं?" ताजबी काय बोलणार. म्हणायची, "येई, अक्का." आखाजीच्या आदल्या दिवशी अक्कांनी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधायला लावला. खाटेवरून खिडकीतून तो दिसायचा. तीन दिवस दिसत राहिला. झोका बांधला त्या संध्याकाळी ताजबी घरी आली, जेवली नाही, आणि मला म्हणाली, कुणीतरी रूपालीला कळवायला पाहिजे. मी म्हणालो, हो, पाहिजे.

आखाजीनंतर बाराव्या दिवशी अक्का गेल्या. पहाटे पाचला. मे महिन्याचं ऊन, पण धुळ्याहून गाडी अडीच तासांत येते, कुणीही थांबलं असतं. सर थांबले नाहीत. रूपालीला फोन केला तो, "आईची तब्येत जरा जास्त आहे, सावकाश ये," असा. नऊ वाजता मातीला घेऊन गेलेसुद्धा. मी खांदा द्यायला होतो. वाटेत सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिला तो चेहरा बघावा लागला नाही, हे बरं झालं." रूपाली साडेदहाला पोचली. अंगण धुऊन झालं होतं. तिने खाटेकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं.

आता पुढची तऱ्हा ऐका. आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की लोक दारावर येतात. गंधमुक्तीचा शेवटचा विधी होईपर्यंत रोज येतात. बाया गल्लीच्या तोंडापासूनच रडायला सुरुवात करतात, गेलेल्या माणसाचं एकेक सांगत सांगत येतात, घरच्या बाईच्या गळ्यात पडतात, आणि अर्ध्या तासाने डोळे पुसून पाणी पितात. ज्याला हे ढोंग वाटतं त्याने एकदा माझ्या सतरंजीवर बसून बघावं. सरांनी काय केलं? दारात फ्लेक्स लावला. अक्कांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, "कृपया शोक करू नये. शांतता हेच सुख." माझ्याकडून सतरंज्या घेतल्या नाहीत, चाळीस खुर्च्या घेतल्या, आणि त्या शाळेसारख्या ओळीत मांडल्या. लोक आले की सर उभं राहून दहा मिनिटं बोलायचे. मरण आलं की माणूस उरत नाही, मग त्याला दुःखही उरत नाही, तेव्हा आपण रडायचं कुणासाठी, वगैरे. लोक खाली मान घालून ऐकायचे आणि चपला शोधायला लागायचे. रूपाली पहिल्या ओळीत ताठ बसलेली. तीन दिवस ती रडली नाही. ताजबी मला म्हणाली, ही पोरगी अशीच परत गेली तर तिचं डोकं फिरेल.

चौथ्या दिवशी दुपारी अक्कांची धाकटी बहीण, भिकुबाई मावशी, धुळ्याकडून एसटीने आली. सत्तरीची बाई, हातात पिशवी, डोक्यावर पदर. स्टँडकडून आमच्या रस्त्याला वळली आणि तिने सूर लावला. "धुरपदा वं, मन्ही बहीण वं, माले सोडीसन कोठे गई वं..." सगळा रस्ता थांबला. रूपाली खुर्चीतून उठली. मावशी दारापर्यंत आली, रूपालीने हात पुढे केले, आणि मध्ये कोण आलं? सर. हात जोडून उभे.

"मावशी, हे नको. इथे आपण रडत नाही. रडून आई परत येणार आहे का?"

मावशीचा सूर तुटला. तिने फ्लेक्सकडे बघितलं. तिला वाचता येत नाही, पण फोटो बघितला. मग म्हणाली, "ती परत यावी म्हनीसन कोन रडस रे भाऊ? ती गई म्हनीसन रडतस."

दोन वाक्यांत आटोपलेला तत्त्वज्ञानाचा तास मी आयुष्यात तो एकच ऐकला. सरांना तो ऐकू आला नाही. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. रूपालीचे हात खाली आले. मावशी खुर्चीच्या कडेवर बसली, तोंडात पदर कोंबून.

ताजबी हे गोडाऊनच्या दारातून बघत होती. तिने मला काही विचारलं नाही. आत गेली, मोठ्या सतरंजीची गुंडाळी ओढत आणली, स्वयंपाकाच्या डेगा आणि बांबू बाजूला सारले, सतरंजी अंथरली आणि शटर पूर्ण वर केलं. मग रस्ता ओलांडून गेली, एका हाताने मावशीला धरलं, दुसऱ्या हाताने रूपालीला, आणि सरांना म्हणाली, "तुमच्या दारावर मनाई शे ना, सर? मग आमच्या दारावर नेस मी यांना."

सतरंजीवर टेकल्याबरोबर मावशीने परत सूर धरला, आणि रूपाली तिच्या गळ्यात पडली. तो आवाज मी विसरणार नाही. चार दिवसांचा कोंडलेला. रस्त्याने येणाऱ्या बाया सरांच्या दाराकडे वळायच्या, आवाज ऐकून थांबायच्या आणि माझ्या गोडाऊनमध्ये शिरायच्या. तासाभरात पंधरा-वीस झाल्या. मग रडता रडता ताजबी सांगायला लागली. अक्का शेवटी काय बोलल्या, काय खाल्लं, कूस बदलताना तिला कशा शिव्या घातल्या, आणि लगेच डोक्यावरून हात कसा फिरवला. मावशीने लहानपणीचं काढलं, दोघी बहिणी आखाजीच्या झोक्यावरून कशा पडल्या आणि धुरपदाने मार चुकवायला सगळा दोष गाढवावर कसा ढकलला. रूपालीला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि ती पोट धरून हसतेय, म्हणतेय, "मावशी, परत सांग." माझं दहापैकी चार मार्कांचं उत्तर तिथे सतरंजीवर बसलं होतं. मी शटरला टेकून उभा होतो आणि, खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. समोर चाळीस रिकाम्या खुर्च्या आणि त्यांत एक माणूस. मी मुद्दाम परत परत तिकडे बघत होतो.

थोड्या वेळाने सर उठले आणि रस्ता ओलांडून आले. शटरच्या बाहेर, उन्हात उभे राहिले. मला वाटलं, आता आवाज कमी करा म्हणतील. त्यांनी आत बघितलं आणि ताजबीला विचारलं, "आई हे सगळं बोलली? कधी?"

"रोज बोलत होत्या," ताजबी म्हणाली. "तुम्ही वर होतात."

दुखणं टाळता टाळता सरांनी आईसुद्धा टाळली होती, आणि आता आठवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, झोपलेला चेहरा सोडून. मी मनात म्हणालो, घ्या, सर. कापा आता सुखदुःखाचं ते एक डोकं.

तेवढ्यात ताजबीच्या तोंडून झोक्याचं निघालं. अक्कांनी आखाजीला लिंबाला झोका बांधायला लावला आणि तीन दिवस खिडकीतून बघत राहिल्या. रूपालीचं हसणं थांबलं. तिने विचारलं, "कुणी बांधला?"

ताजबीने माझ्याकडे बघितलं.

"मी बांधला," मी म्हणालो. "मंडपाचा दोर होता."

"मी येणार नाही हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं, नईमभाऊ?"

"हो."

"रंगकाम नाहीये हेही?"

"हो."

"माझा नंबर होता ना तुमच्याकडे? साखरपुड्याला मंडप आणला तेव्हाचा?"

नंबर होता. 'रूपाली धुळे' म्हणून अजूनही आहे. झोका बांधून झाल्यावर मी फोन खिशातून काढलाही होता. मग मनात आलं, ती रडेल, सर चिडतील, घरचा मामला, आपण कशाला मध्ये पडायचं, आणि फोन परत ठेवला. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. म्हणालो, "होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिने बाहेर उन्हात उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं आणि सतरंजीच्या टोकाला हात केला. "दादा, तिकडे बस. नईमभाऊ, तुम्ही पण बसा, त्याच्याच बाजूला."

आम्ही बसलो. सरांना खाली बसायची सवय नाही, त्यांचे गुडघे वाजले. मावशीने परत सुरू केलं. सर रडले नाहीत. त्यांना ते येत नव्हतं, ते नुसते मावशीच्या तोंडाकडे बघत होते. मला रडू आलं, बराच वेळ आलं, आणि त्यात गोडी कसलीच नव्हती.